तिसरी पायरी

देवास गेटवरची संध्याकाळ ज्याने पाहिली नाही, त्याला उज्जैन पुरते कळले असे मी तरी म्हणणार नाही. महाकालाची भस्मारती, क्षिप्रेचे घाट, गोपाळ मंदिराचे चांदीचे दार ही उज्जैनी यात्रेकरूंची. आम्हां जुन्या रहिवाशांची उज्जैनी देवास गेटची. एका अंगाला रेल्वे स्टेशन, दुसऱ्या अंगाला माधव कॉलेजची जुनी इमारत, आणि मध्ये मोटार-स्टँड. दिवेलागणीच्या सुमारास कंडक्टरांची हाळी सुरू होते, मालीपुऱ्याकडून झेंडूचा ओला वास येतो, आणि पोहे-जिलेबीवाल्याची सकाळची कढई आता कचोरीसाठी पुन्हा तापलेली असते.

या गर्दीच्या काठावर, मालीपुऱ्याकडे उतरणाऱ्या एका गल्लीच्या तोंडाशी आज चार मजली लॉज उभे आहे. रात्री त्याची निळी पाटी लागते ती आमच्या गॅलरीतून दिसते. २०१४ सालापर्यंत त्या जागी आमचा वाडा होता. शिंदेसरकारच्या अमदानीत माझ्या पणजोबांनी बांधलेला, दोन चौकांचा, मागे विहीर असलेला. भावाभावांच्या वाटणीत तो विकला गेला. कुणी कुणाला फसवले नाही, भांडणही झाले नाही. पाच सह्या झाल्या, त्यांत एक माझी होती. आयुष्यभर भूमि-अभिलेखाच्या दप्तरात लोकांच्या सह्या तपासल्या. स्वतःची ती एक सही मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

हे सारे सांगण्याचे कारण निराळेच आहे. आज मला लिहावयाचे आहे ते संगणकावरील खेळांविषयी. वाचक चमकतील. माझ्या वयाच्या गृहस्थाने या विषयावर लेखणी उचलावी याचे मलाही आश्चर्यच वाटते. पण योग तसा आला खरा.

संगणकाची सुटी

२०२५ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. दिवाळी आठवड्यावर आली होती. धाकट्या मुलाने दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या संगणकावर बरेच दिवस एक सूचना येत होती: १४ ऑक्टोबरपासून 'विंडोज १०' या प्रणालीला तिच्या कर्त्यांकडून नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती मिळणार नाही. वर्षभराची जादा मुदत मागून घेण्याची सोय होती, पण ती मुदतच. 'विंडोज ११' घालावी, तर तिला आठव्या पिढीच्या आसपासचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर हवा आणि सुरक्षेची एक विशिष्ट चिप हवी. आमचे यंत्र चौथ्या पिढीचे. चालते धडधाकट, पण त्याच्या नावे पेन्शनीचा कागद निघाला होता.

पुण्याहून थोरल्याचा फोन आला. "आबा, त्याला आता भंगारात द्या. मी नवा पाठवतो." हेतू चांगलाच होता. परंतु माझा नातू, वय वर्षे सोळा, खुर्ची सोडून उठेना.

"काका नवा पाठवतोय ना?" मी म्हटले.

"आबा, यात वाडा आहे," तो म्हणाला.

मी गप्प राहिलो. वाडा आहे हे मला ठाऊक होते. पण गेली तीन वर्षे मी तो पाहण्याचे टाळत होतो.

टाळेबंदीतले बांधकाम

त्यासाठी २०२० सालाकडे जावे लागेल. टाळेबंदीत देवास गेटचा स्टँड जन्मात प्रथमच मुका झालेला मी पाहिला. नातू तेव्हा अकरा वर्षांचा. शाळा बंद, मैदान बंद. त्याने संगणकावर एक खेळ उतरवून घेतला. त्याचे नाव तेव्हा 'माइनटेस्ट' होते. २०२४ च्या ऑक्टोबरात त्याचे 'लुआंटी' असे नामकरण झाले. २०१० साली फिनलंडमधील पेर्टू आहोला या तरुणाने तो आरंभिला, आणि पुढे देशोदेशींच्या हौशी मंडळींनी वाढवला. त्यात मारामारीची सक्ती नाही, जिंकण्याची घाई नाही. चौकोनी ठोकळ्यांचे एक अफाट जग असते. डोंगर खणावा, दगड आणावा, लाकूड तोडावे आणि मनास येईल ते बांधावे. पैसा द्यावा लागत नाही. खेळ ज्या सूत्रांनी चालतो ती सूत्रेही उघडी ठेवलेली आहेत. कोणीही वाचावी, बदलावी, पुढे द्यावी.

एके दुपारी त्याची आजी त्याच्या पाठीमागे येऊन उभी राहिली. "हे काय बांधतोस रे?" "किल्ला." "किल्ला कशाला? वाडा बांध की."

तेथून सुरुवात झाली. ती डोळे मिटून सांगे, तो बांधी. दिंडीदरवाजा, त्यातून आत आले की डावीकडे ओसरी, ओसरीवर झोपाळा. पहिला चौक, मधोमध तुळशीवृंदावन. मग माजघर, त्यापलीकडे कोठीची खोली आणि देवघर. मागे विहीर, विहिरीशेजारी धुण्याचा दगड. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलेला असे. कुठल्या खोलीला किती खण हे मी तिच्यापेक्षा अचूक सांगू शकलो असतो. मोजणी हा तर माझा धंदा. पण मी बोललो नाही. सही करणाऱ्याने कुठल्या तोंडाने बोलावे?

वाडा माडीच्या जिन्यापर्यंत आला आणि अडला. आमच्या जिन्याची तिसरी पायरी इतर पायऱ्यांहून चार बोटे उंच होती. का, ते कोणास ठाऊक. गवंड्याची चूक म्हणत. पाहुणा आला की तिथे हमखास ठेचकाळे. जावई ठेचकाळले, व्याही ठेचकाळले. घरच्या माणसाचे पाऊल मात्र अंधारातही तिथे आपसूक चार बोटे वर उचलले जाई. खेळात पायऱ्या होत्या, पण सगळ्या एकसारख्या, अर्ध्या ठोकळ्याच्या.

"आजी, सारख्या करू या. कोण बघतंय?"

"सारखी केलीस तर तो आपला वाडा नाही," ती म्हणाली. एवढेच बोलून ती वाती वळायला बसली.

झाले. पोराने ध्यास घेतला. खेळात नसलेली वस्तू आपण घडवून घालता येते, असे त्याला समजले होते. त्यासाठी 'लुआ' नावाची एक संगणकभाषा शिकावी लागे. ही भाषा १९९३ साली ब्राझीलमध्ये, रिओ येथील एका विद्यापीठात जन्मली. पोर्तुगीज भाषेत 'लुआ' म्हणजे चंद्र. दोन महिने चिरंजीव त्या चंद्राच्या मागे होते. एके रात्री दहा वाजता ओरडत आले, "आबा, मी मॉड टाकला!"

मी दचकून विचारले, "काय मोडलंस?"

मोडले काहीच नव्हते. खेळात आपण जी भर किंवा जो बदल घालतो त्याला या मंडळींत 'मॉड' म्हणतात. आमच्या मॉडमध्ये एकच वस्तू होती: इतरांहून चार बोटे उंच अशी दगडी पायरी. पुढे त्याच मॉडमध्ये झोपाळा आला, घंगाळ आले, कंदील आला. अखेरीस तुळशीपुढची पणती आली. खेळातल्या घड्याळात सायंकाळ झाली की ती आपोआप उजळते. ही शेवटची सूचना आजीचीच.

२०२२ साली ती गेली. त्यानंतर मी त्या पडद्याकडे पाहिले नाही.

पट्टा आणि मालकी

आता ऑक्टोबर २०२५ कडे परत येतो. फ्रीगंजातल्या एका दुकानी संगणक नेला. दुकानदार मनाचा भला. "दादाजी, फॉर्मेट मार देते हैं. सब उड़ जाएगा, मशीन नई जैसी हो जाएगी," असे त्याने प्रेमाने सांगितले. 'सब उड़ जाएगा' हे शब्द ऐकताच नातवाने यंत्र उचलले आणि पूल ओलांडून आम्ही घरी परत आलो.

"मीच करतो," तो म्हणाला. त्याला हा धीर आला होता तो काकाच्या जुन्या प्लेस्टेशनमुळे. थोरला पुण्यास जाताना आपला 'प्लेस्टेशन ४' हा खेळयंत्राचा डबा इथेच ठेवून गेला. त्याची आतली चकती भरून गेली, तेव्हा नातवाने एका रविवारी स्क्रू काढून तिच्या जागी मोठी बसवली होती. कंपनीने ती बदलण्याची मुभा मुळातच ठेवलेली आहे. 'प्लेस्टेशन ५' मध्येही सप्टेंबर २०२१ पासून आणखी एक वेगवान साठवण-पट्टी आपल्या हाताने बसवता येते. पोराचा हात स्क्रूवर बसला तो असा.

पण याच खेळयंत्राच्या घराण्यातली एक हकिकत त्याने मला सांगितली, आणि मी दप्तरातला माणूस असल्यामुळे ती माझ्या मनात रुतून बसली. 'प्लेस्टेशन ३' हे यंत्र २००६ साली निघाले तेव्हा मालकाला त्यावर लिनक्स ही दुसरी प्रणाली चढवण्याची सोय होती. खेळाचा डबा हवा तेव्हा पुरा संगणक होई. अमेरिकेच्या हवाई दलाने तर असली सतराशे साठ यंत्रे एकत्र जोडून २०१० साली एक महासंगणक उभा केला. आणि त्याच वर्षी, १ एप्रिलला, कंपनीने सुरक्षेचे कारण देऊन एका नव्या दुरुस्तीने ही सोय काढून घेतली. दुरुस्ती नको म्हणावे, तर कंपनीच्या जाळ्यावर खेळता येणार नाही. पुढे अमेरिकेत ग्राहकांनी दावा लावला आणि कंपनीला तडजोड करावी लागली. सोय मात्र परत आली नाही.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या पेटीत सनदा असतील. संस्थानी काळात सनद म्हणजे काय हे आपल्या वाडवडिलांना चांगले ठाऊक होते. जमीन कसायची आपण, नांगर आपला, घाम आपला. पण सरकारची मर्जी फिरली की कागद रद्द. नातवाने मला समजावले की आज संगणकावर 'विकत' घेतलेले बहुतेक खेळ याच जातीचे आहेत. आपण घेतो तो पट्टा, खेळण्याचा परवाना, मालकी नव्हे. 'द क्रू' नावाचा २०१४ चा मोटारशर्यतीचा खेळ घ्या. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने आपली केंद्रे बंद केली, आणि ज्यांनी पैसे मोजले होते त्यांच्याही हाती तो उरला नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांताने त्याच वर्षी कायदा केला की, दुकानदाराने असा परवाना विकताना 'हा परवाना आहे' हे ग्राहकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. दप्तराच्या भाषेत सांगायचे तर, सातबाऱ्यावर मालक कोण आणि कूळ कोण हे निदान खरे लिहा, एवढीच ती मागणी.

मोडी वाचणारा दुभाषी

तर यंत्र घरी आले. नातवाने प्रथम वाडा पेनड्राइव्हवर उतरवला, मग दुसऱ्या पेनड्राइव्हवर, आणि मग, मला पटेना म्हणून, तिसऱ्यावर. ती तिसरी प्रत मी देवघरातल्या डबीत ठेवली. मग जुनी फिरती चकती काढून नवी स्थिर साठवण बसवली, स्मरणशक्ती दुप्पट केली, जुन्या बाजारातले एक ग्राफिक कार्ड घातले. नव्या यंत्राच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ. मग त्यावर 'लिनक्स मिंट' चढवले.

लिनक्सची कथा आता जुनी झाली. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स हा हेलसिंकीचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी. त्याने आपल्या हौसेने प्रणालीचा गाभा लिहिला आणि सर्वांना खुला करून टाकला. माइनटेस्टचा कर्ताही फिनलंडचाच. थंड देशातल्या लांब रात्रींचा हा उपयोग असावा. नातवाने यादीतून मराठी निवडली आणि पडद्यावर अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी असे शब्द उमटले. आमच्या माळव्यातल्या मराठीची तशीच तऱ्हा असल्याने मला परके वाटले नाही.

वाडा या नव्या जागी सुखरूप उघडला. तो खेळ मुळात लिनक्सला परका नाहीच. पण नातवाचे इतर खेळ होते ते विंडोजसाठी घडवलेले. ते इथे कसे चालणार? मी विचारले, आणि त्याचे उत्तर मला माझ्याच भाषेत सापडले.

माझ्या आजोबांच्या हातची मोडी पत्रे माझ्यापाशी आहेत. नातवाला मोडी येत नाही. म्हणून मी पत्रे पुन्हा बाळबोधीत उतरवून काढत नाही; पत्र हातात धरतो आणि ओळीमागून ओळ त्याला वाचून दाखवतो. 'वाईन' नावाची प्रणाली हेच करते. १९९३ पासून तिच्यावर काम चालू आहे. खेळ विंडोजच्या भाषेत काही मागतो, 'अमुक फाइल उघड', 'अमुक आवाज कर'. वाईन ते ऐकते आणि तत्काळ लिनक्सच्या भाषेत सांगते. खेळाला वाटते आपण आपल्याच घरी आहोत. चित्रे काढण्याची भाषा अधिक अवघड. तिच्यासाठी 'डीएक्सव्हीके' नावाचा वेगळा दुभाषी आहे. 'व्हॉल्व्ह' या अमेरिकन कंपनीने हे सारे एकत्र बांधून ऑगस्ट २०१८ मध्ये 'प्रोटॉन' या नावाने आपल्या 'स्टीम' दुकानात ठेवले, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये 'स्टीम डेक' हे लिनक्सवर चालणारे हातातले खेळयंत्र विकायला काढले. स्टीमवरच्या खेळाडूंत लिनक्सवाल्यांचे प्रमाण ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रथमच शेकडा तीनच्या वर गेले. शेकडा तीन म्हणजे फार नव्हे. उज्जैनीत आपण मराठी माणसे तरी किती आहोत?

मात्र सर्व काही गोड आहे असे सांगून मी कोणाच्या नातवाची निराशा करणार नाही. अनेकांनी मिळून खेळायचे काही खेळ इथे चालतच नाहीत. त्यांत लबाडी पकडणारा एक पहारेकरी असतो; तो यंत्राच्या अगदी गाभ्यात बसू पाहतो आणि लिनक्सवर भरवसा ठेवत नाही. 'व्हॅलोरंट' चालत नाही, 'फोर्टनाइट' चालत नाही. 'एपेक्स लेजंड्स' चालत असे, तो २०२४ च्या अखेरीस बंद झाला. नातवाचे मित्र नेमके तेच खेळतात. शनिवारी तो त्यांच्या घरी जाऊन खेळतो. मला हे वाईट वाटत नाही. आम्हीही दुसऱ्याच्या अंगणात जाऊनच खेळत होतो.

पटावरचे साप

बदल करून खेळणे हे काही या पिढीचे खूळ नव्हे. ज्ञानदेवांच्या नावाशी परंपरेने जोडलेला मोक्षपट आपल्या जुन्या घरांत होता. कापडावर किंवा कागदावर हाताने काढलेला. शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे. हाताने काढलेला असल्यामुळे प्रत्येक घरचा थोडा निराळा. आमच्या आजीने सर्वांत लांब साप 'चहाडी'च्या घरात बसवला होता. का, ते आमच्या आत्याबाईंना विचारावे लागले असते. तोच खेळ विलायतेला गेला आणि १८९२ च्या सुमारास तिथे सापशिडी म्हणून छापून विकला जाऊ लागला. छापला गेल्यावर साप जागच्या जागी थिजले.

संगणकाच्या जगात हे साप पुन्हा हलवता येऊ लागले. 'हाफ-लाइफ' हा १९९८ चा खेळ. मिन ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी त्यात बदल घालून १९९९ साली 'काउंटर-स्ट्राइक' नावाचा मॉड काढला. मूळ खेळापेक्षा तो अधिक गाजला. मूळ कंपनीने मग तो विकत घेऊन कर्त्यांनाही जवळ केले. आज मॉड ठेवण्याची मोठमोठी भांडारे आहेत. 'नेक्सस मॉड्स' हे २००१ पासूनचे. स्टीमचे 'वर्कशॉप' हे २०११ पासूनचे. एप्रिल २०१५ मध्ये 'स्कायरिम' या खेळाचे मॉड तिथे पैसे घेऊन विकण्याची योजना निघाली. लोकांनी एवढा गिल्ला केला की चारच दिवसांत ती मागे घ्यावी लागली. ज्याने कष्ट केले त्याला मोबदला मिळू नये असे कोण म्हणेल? पण आजवर शेजाऱ्याला वाटीभर विरजण द्यावे तशी जी देवघेव चालत होती, तिच्यात अचानक गल्ला आला, हे लोकांना सोसले नाही.

देवघराचे दार

इथवर मी ऐकणाऱ्याच्या भूमिकेत होतो, आणि मोकळेपणाच्या बाजूने माझी मान मोठ्या उत्साहाने हलत होती. मग एक दिवस नातू म्हणाला, "आबा, लुआंटीचंही भांडार आहे. तिथे आपला मॉड देऊ का? झोपाळा, घंगाळ, पणती आणि अख्खा वाडाही. ज्याला हवा त्याने आपल्या जगात उभा करावा."

माझी मान हलायची थांबली.

आपला वाडा! कोण कुठला परका माणूस, जगाच्या कुठल्या कोपऱ्यातला, जोडे घालून माझ्या माजघरात हिंडणार. विहीर बुजवील. ओसरीवर गुरे बांधील. देवघरात शिरेल. मी साफ नाही म्हणालो, आणि जरा चढ्या आवाजातच म्हणालो.

तो काही बोलला नाही. रात्री मी गॅलरीत बसलो. लॉजची पाटी लागली होती. दारात दोन यात्रेकरू कुटुंबे सामान उतरवत होती, एक लहान मुलगी पायरीवरून खाली-वर उड्या मारत होती. जिथे आमचे तुळशीवृंदावन होते त्याच्या आसपासच कुठेतरी. वाड्यात तर परकी माणसे कधीच शिरली होती, आणि तीही माझ्या सहीने. ती सही करताना मी मोबदला घेतला होता. आता कोणी मोबदला न देता तोच वाडा मागत होते, तर तो माझ्याकडे राहून शिवाय दुसऱ्यालाही मिळणार होता. एकदा मी असा वाडा दिला होता की जो दिल्यावर उरला नाही. हा दिल्याने उणा होणार नव्हता.

सकाळी चहाच्या वेळी मी त्याला अटी सांगितल्या. पहिली: देवघराचे दार ओढून घेतलेले असावे, कुलूप नको, नुसती कडी. ज्याला आत जायचे त्याने कडी काढताना निदान क्षणभर थांबावे. दुसरी: ज्याने आपला वाडा घेऊन त्यात फेरफार केला, त्यानेही तो याच मोकळेपणाने पुढे द्यावा.

"आबा, तशी अट लिहिलेलीच असते," तो हसून म्हणाला. अशा दानपत्राचे मसुदे तयार मिळतात. त्यातल्या एकात कर्त्याचे श्रेय राखावे आणि पुढचे दानही याच अटीवर करावे, अशी दोन कलमे असतात. मी ते इंग्रजी पुन्हा पुन्हा वाचले. चाळीस वर्षे खरेदीखते, बक्षीसपत्रे, वाटणीपत्रे चाळली. इतका स्वच्छ कागद थोडाच पाहिला होता.

"आणि कर्ता म्हणून नाव कुणाचं?" मी विचारले.

त्याने पडदा माझ्याकडे वळवला. तिथे आधीच दोन नावे लिहिलेली होती. पहिले त्याच्या आजीचे. माहेरचे आणि सासरचे, दोन्ही. खाली त्याचे स्वतःचे. वाड्याच्या कुठल्याही कागदावर, पणजोबांच्या सनदेपासून आमच्या विक्रीखतापर्यंत, तिचे नाव कधी आलेले नव्हते. मी मोजणीकार, मला ते आधी सुचायला हवे होते.

दुरुस्ती

महिन्याभराने नातवाने हाक मारली. कोणा अनोळखी गृहस्थाने आमचा वाडा घेतला होता आणि एक दुरुस्ती करून परत पाठवली होती. सोबत इंग्रजीत नम्र चिठी होती: वाडा आवडला, जिन्यात एक पायरी चुकून उंच राहिली आहे, चढताना अडखळायला होते, ती मी इतरांसारखी करून दिली आहे, घ्यावी.

आम्ही दोघेही एकदम हसलो. परका माणूस, आणि नेमका तिथेच ठेचकाळला! जावयांच्या आणि व्याह्यांच्या मालिकेत आणखी एक पाहुणा.

"काय कळवू?" नातवाने विचारले.

"आभार मान. त्याच्या वाड्यात त्याने पायरी खुशाल सारखी करावी, त्याचा तो हक्क आहे. आपल्यात ती राहू दे."

असे दोन्ही एकाच वेळी होऊ शकते, हे मला या वयात त्या खेळाने शिकवले. दगडाच्या वाड्यात पाच भावांची पाच मते पडली की वाडा विकावा लागतो. इथे ज्याला सारखी पायरी हवी त्याला सारखी, ज्याला उंच हवी त्याला उंच; कोणाचेही घर पडत नाही.

त्या संध्याकाळी मी प्रथमच खुर्चीवर बसलो. कुठली कळ दाबली की पाऊल पुढे पडते ते नातवाने दाखवले. दिंडीदरवाजातून आत गेलो. ओसरी, झोपाळा, चौक. माजघराची लांबी एक खण कमी होती. ते त्याला सांगितले आणि त्याने निमूटपणे टिपून घेतले. मग जिन्याशी आलो. पहिली पायरी, दुसरी. बाहेर स्टँडवर देवासची शेवटची गाडी सुटत होती आणि कंडक्टर हाळी घालत होता. तिसऱ्या पायरीशी टेबलाखाली माझा उजवा पाय, मी न सांगता, चार बोटे वर उचलला गेला.

खाली चौकात पणती लागली होती.